जमिनीखालची पंचेचाळीस मिनिटं

आमचे हे रोज संध्याकाळी सात वाजून पाच मिनिटांनी जमिनीच्या पोटात जायचे आणि सात पन्नासला गिरगावात वर यायचे. असं ते मला सांगायचे. खरं-खोटं देव जाणे. मी इथे रत्नागिरीपासून एसटीने अर्ध्या तासावर, मागच्या दारी भाकऱ्या थापत बसलेली. मला मुंबईच्या जमिनीखालचं काय दिसणार?

लग्नाला पंधरा वर्षं झाली. ह्यांचं नाव विनोद. हे मुंबईला, मी गावाला, सोबतीला सासूबाई, नववीतली सानिका आणि एक मारकुटी म्हैस. गणपतीचे दहा दिवस, शिमग्याचे आठ, मे महिन्यातले पंधरा, असं सगळं जोडलं तर पंधरा वर्षांत आमचा एकत्र संसार सव्वा-दीड वर्षाचा भरेल. पण म्हणून तो मोडका होता असं कुणी समजू नये. आमचा संसार बसमध्ये चालायचा.

म्हणजे कसं, ते सांगते. हे तेरा वर्षं मरोळला औषधांच्या गोदामात कामाला आणि राहायला गिरगावात, आमच्या गावच्या मंडळाच्या खोलीत. दहा बाय बाराची खोली, नऊ माणसं, प्रत्येकाला एक ट्रंक आणि भिंतीला एक खुंटी. तिथे बायकोशी बोलायचं म्हणजे भर सभेत भाषण केल्यासारखं. म्हणून हे बसने यायचे. दोन बस बदलायच्या, दोन तास जायचे. लोकल लवकर पोचवते, पण तिच्यात फोन कानाला लावायला हात वर होत नाही, असं ह्यांचं म्हणणं. बसमध्ये उभं राहून का होईना, बोलता येतं. एवढ्यासाठी रोजचा एक तास जास्तीचा. मी मनातल्या मनात किती वेळा त्या तासाची दृष्ट काढली असेल.

आमच्या घरात रेंज फक्त एका जागी येते, मागच्या दाराच्या चौकटीला जो खिळा आहे तिथे. खिळ्याला कापडी पिशवी, पिशवीत फोन, स्पीकर चालू आणि मी चुलीपाशी. म्हशीने आज कुणाला लाथ मारली इथपासून आईंच्या गुडघ्यापर्यंत सगळं सांगून व्हायचं. सानिकाचे मार्क, शेजारच्या गंगावहिनींचं भांडण, कौलं परतायला माणूस मिळत नाही ते. पलीकडून कंडक्टर म्हणायचा, पुढे सरका, पुढे सरका, की मीसुद्धा पाट जरा पुढे सरकवायची. मुंबई मी दोनदाच पाहिली, पण त्या रस्त्यावरचे सिग्नल मला पाठ होते.

आणि दिवाळीच्या तोंडावर ती मेट्रो आली.

पहिले चार दिवस काय कौतुक. सरकत्या जिन्याचे फोटो, चकचकीत फरशीचे फोटो. "अगं, घाम नाही, धूळ नाही, पाऊण तासात गिरगाव." ह्यांचा तेरा वर्षांचा खोकला पंधरा दिवसांत गेला. मी देवापुढे साखर ठेवली. अडचण फक्त एक, पहिल्या दिवसापासूनची. खाली रेंज नाही.

सात पाचला फोन लावला की एक बाई बोलायची. आपण संपर्क करू इच्छित असलेली व्यक्ती कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर आहे. आवाज असा गोड की बोलूच नये. आठ वाजता ह्यांचा फोन यायचा तो खोलीतून. मागे टीव्ही, कुणीतरी हसतंय, कुणी म्हणतंय दादा, मीठ द्या. आणि आमचे हे, "हां, बोल. बरं. बघू. जेवण आलंय, ठेवतो." दोन तासांची दोन मिनिटं झाली.

"काय गो, विनोदाचा फोन नाय आला?" आई पडवीतून विचारायच्या.

"आला नि गेला," मी म्हणायची.

मी काही मूळची संशयी नाही. पण डोळे उघडे असले की दिसतं त्याला काय करायचं? एक तर ह्यांचा आवाज बदलला. दोन तास चेंगरून आलेल्या माणसाचा आवाज चिरकलेला असतो. आता आवाज कसा, नुकत्या उठलेल्या माणसासारखा. मग एकदा म्हणाले, "यंदा सुकट पाठवू नकोस." मी विचारलं का, तर म्हणे डब्यात सुकट असली की मेट्रोत वास येतो, माणसं बघतात. अहो, ज्या माणसाला सुकटीच्या चटणीशिवाय घास उतरत नाही, मुंबईला जाताना जो पहिल्यांदा सुकटीचा डबा बघतो आणि मग बायकोच्या तोंडाकडे, त्याला सुकटीचा वास यायला लागला? पुढच्या महिन्यात मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी फोटो टाकला त्यात ह्यांच्या खुंटीवर बॅगेशेजारी अंगाला मारायच्या सेंटची बाटली. सानिकाने बोटांनी फोटो मोठा करून दाखवली. लेक हसत होती. मला हसू आलं नाही.

हे सगळं मी गंगावहिनींना सांगितलं, ती माझी पहिली चूक. त्यांचे दीर दहा वर्षं ओव्हरटाइम करत होते आणि शेवटी त्या ओव्हरटाइमला दोन पोरं निघाली.

"आग असल्याशिवाय धूर निघत नाय," त्या म्हणाल्या. "रोज पाऊण तास गायब, त्याच टायमाला. तू बस साखर ठेवत."

"रेंज नसते हो तिथे."

"असं ते सांगतात ना?"

त्या रात्रीपासून माझ्या डोक्यात एक बाई राहायला आली. तिला चेहरा नव्हता, पण गजरा होता आणि तिला सुकटीचा वास खपत नव्हता. मेट्रोच्या गार डब्यात ती ह्यांच्या शेजारी बसायची आणि माझ्या हक्काची पंचेचाळीस मिनिटं ऐकायची. ह्यांनी कुणाला साडी घेतली असती तर मला इतकं लागलं नसतं. पण माझी वेळ दुसरीला दिली असेल तर मग माझ्याकडे उरलं काय? नवरा म्हणून माझ्या वाट्याला तेवढंच तर येत होतं.

जानेवारीत एके दिवशी सव्वासातला भाकरी तव्यावर करपली आणि मी ओमकारला फोन लावला. ओमकार आमच्याच वाडीतला, पंचविशीचा, त्याच खोलीत राहतो आणि त्याची नोकरीही मरोळलाच. वाटलं, तोही खालीच असेल, लागणार नाही, निदान मनाची खात्री होईल. तर पहिल्या रिंगला उचलला.

"बोला वहिनी." मागे गाडीची घरघर.

"कुठे आहेस रे?"

"मेट्रोत. मॅच बघतोय."

मी भाकरी तशीच टाकून खिळ्यापाशी गेले. "आणि रेंज?"

"ती कधीच आली. महिना झाला असेल. कधी तुटते मधेच, पण असते."

चौकटीला धरून विचारलं, "तुझे दादा आहेत काय रे तिथे? दे जरा."

"दादा माझ्याबरोबर नसतात वहिनी. ते एकदम शेवटच्या डब्यात जातात. मी गेलो होतो एकदा, तर म्हणाले, तू पुढे जा."

फोन ठेवला आणि परत ह्यांना लावला. ती गोड बाई बोलली, कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर. आठ वाजता ह्यांचा फोन आला तेव्हा मी मुद्दाम विचारलं, "खाली आली काय हो रेंज?"

"नाही गो. कसली येते?" हे म्हणाले. इतकं सहज म्हणाले की मला रडूच फुटलं. चुलीच्या धुराने, असं आईंना सांगितलं.

मी ह्यांना तेव्हाच का विचारलं नाही? विचारणार होते. पण खोलीत नऊ माणसं, बसने येणं बंद, खाली फोन बंद. भांडायला तरी नवरा मोकळा सापडायला हवा ना. म्हटलं, शिमग्याला येतील तेव्हा बघू. दोन महिने ती बाई माझ्याबरोबर जेवली, माझ्याबरोबर झोपली. मी बारीक झाले. आई म्हणायच्या, डाक्टरला दाखव. हा काय डॉक्टरचा रोग होता?

शिमग्याला हे आले. खोलीतले सगळेच आले, शिमग्याला चाकरमानी यायचाच. मी ह्यांच्यावर बारीक नजर ठेवली. फोन उशीखाली. आंघोळीला गेले तरी फोन कोनाड्यात उंच. दुपारी सगळी वाडी ढोलाच्या मागे, आणि हे एकटेच मागल्या दारी विहिरीच्या कठड्यावर. काही करत नाहीत, नुसते बसलेत. मी पाणी न्यायला गेले तर दचकले. म्हटलं, तिचीच आठवण काढत असणार. विचारलं मात्र नाही. उत्तराची भीती वाटली, हे खरं. नाही म्हणाले तर पटणार नव्हतं. हो म्हणाले तर पुढे काय करायचं?

मग मी दुसरी चूक केली, आणि ती मोठी.

आमच्याकडे शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते. अंगणात पालखी टेकली की बाया ओटी भरतात आणि घरधनी हातात नारळ घेऊन उभा राहतो. मग शिवातात्या गुरव देवाला गाऱ्हाणं घालतात, म्हणजे त्या घरचं जे काही दुखतंखुपतं ते देवाच्या कानावर घालतात. एकेक वाक्य झालं की सगळी वाडी एका आवाजात म्हणते, व्हय म्हाराजा. आजवर आमच्या घरचं गाऱ्हाणं ठरलेलं, आईंचे गुडघे, पोरीचं शिक्षण, विनोदाची चाकरी. त्या सकाळी मी देवळात गेले, शिवातात्यांना बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. म्हटलं, "तात्या, देवाला सांगा. पण जरा झाकून."

तात्या सत्तरीचे. म्हणाले, "तू जा घरी पोरी. देव बघून घेईल."

मला वाटलं, घरात सुखशांती राहू दे, असं काहीतरी मोघम म्हणतील. देवापुढे आडपडदा ठेवायचा नाही, हा त्यांचा बाणा मी विसरले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पालखी चार वाजता आली. अंगण भरलेलं. मंडळाच्या खोलीतले आठही जण पुढे उभे. हे आंघोळ करून, नवं धोतर नेसून, हातात नारळ. तात्यांनी डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा, आज तू लेकरांच्या दारात आलास."

"व्हय म्हाराजा."

"म्हातारीचे गुडघे दुखतात, तिला हातीपायी धड ठेव."

"व्हय म्हाराजा."

"तुझं लेकरू विनोद मुंबईला जमिनीखालच्या गाडीतनं फिरतंय. तिथं रोज पाऊण तास त्याचा फोन लागत नाय."

"व्हय म्हाराजा."

तात्यांचा आवाज खणखणीत. "दुसऱ्यांचा लागतोय, त्याचा लागत नाय. तिथं कुणा बाईनं त्याला भुलवला असंल, तर तिला बाजूला कर, नि तुझ्या लेकराला त्याच्या अस्तुरीच्या पदरात आणून घाल."

"व्हय म्हाराजा," सगळी वाडी म्हणाली. सवयीने आमचे हेही म्हणाले. मोठ्याने. म्हणून झाल्यावर त्यांना कळलं आपण कशाला होकार दिला ते, आणि नारळ धरलेले हात तसेच राहिले.

पहिला हसला तो ओमकार. मग सगळं अंगण. गंगावहिनी पदरात तोंड घालून. सानिका आत पळाली. आई म्हणाल्या, "ह्या काय ऐकतंय मी?" ढोलवाल्याने बिचाऱ्याने जोरात ढोल बडवायला घेतला आणि पालखी उठली.

अंगण रिकामं झालं तेव्हा हे मागे विहिरीवर जाऊन बसले होते. मी गेले. म्हटलं, झालीच आहे शोभा, तर आता पुरती होऊ दे.

"कोण आहे ती?" मी विचारलं.

ह्यांनी कमरेचा फोन काढून माझ्या हातात दिला. "बघ. सगळं बघ. कुलूप नाही त्याला."

"मला काय समजतंय त्यातलं?"

त्यांनी वरून बोट ओढलं आणि एक चित्र दाखवलं. विमानाचं. "जिना उतरताना हे दाबतो. मग फोन लागत नाही. वर आलो की परत दाबतो."

"आणि ती?"

"कोणी नाही गो."

"मग दाबता कशाला?"

हे विहिरीत बघत होते. मग म्हणाले, "पहिले दोन महिने खरंच रेंज नव्हती. पहिल्या दिवशी जीव घाबरा झाला, तुझा फोन कसा येणार म्हणून. आठ-दहा दिवसांनी सवय झाली. शेवटच्या डब्यात गर्दी कमी असते. बसायला मिळतं. समोर काच, काचेत काळोख. कुणी काही विचारत नाही. कामावर साहेब विचारतो, खोलीत नऊ जण, रात्री कूस बदलायची तर शेजारच्याला सांगावं लागतं. तेरा वर्षांत मी एकटा कधी बसलोच नव्हतो. रेंज आली त्या दिवशी तुझा फोन वाजला, आणि मी... मी तो कापला. तुला वाटलं असेल, रेंजच गेली. मग भीती वाटली, परत वाजेल म्हणून. तेव्हापासून हे."

"माझ्या फोनची भीती?"

"तुझी नाही. म्हैस, कौलं, गुडघे. तू सांगायचीस त्यातलं मला तिथून काही करता यायचं नाही, आणि दोन तास ऐकायचं. एका हाताने दांडा धरून."

एक सांगू? बाई असती तर बरं झालं असतं. बाई असती तर मी मुंबईला जाऊन तिच्या झिंज्या धरल्या असत्या, सगळी वाडी माझ्या बाजूने उभी राहिली असती. इथे कुणाच्या झिंज्या धरायच्या? मी ज्याला संसार म्हणत होते, त्यात हा माणूस तेरा वर्षं दांड्याला लटकून उभा होता. मला भयंकर लागलं. आणि त्याच वेळी त्याची कीवही आली, म्हणून जास्तच लागलं.

"मग सुकट?" मी विचारलं. दुसरं काही सुचेना.

"खरंच वास येतो गो. एक बाई उठून दुसरीकडे जाऊन बसली."

म्हणजे बाई होती म्हणायची एक.

"फोन चालू ठेवतो आता," हे म्हणाले. मी घागर भरून घेतली आणि आले.

हे रविवारी गेले. सोमवारी मी नेहमीसारखी चुलीपाशी. सात पाचला पिशवीतला फोन वाजला. ह्यांचाच. जमिनीखालून. मी उठले, पिठाचे हात पुसले. एका बाजूने आई विचारत होत्या, विनोदाचा काय गो? सानिका ओरडत होती, माझा पांढरा दुपट्टा कुठाय. म्हशीने दावं ओढून धरलेलं. आणि फोन वाजतोय. मी तो खिळ्यावरून काढला, वरून बोट ओढलं, विमान दाबलं.

"कोण नाही आई, कंपनीचा," म्हटलं, आणि विहिरीवर जाऊन बसले.

पहिली पाच मिनिटं चोरी केल्यासारखं वाटलं. म्हैस हंबरली तर उठणार होते, पण नाही उठले. खाली पाणी काळं दिसत होतं. आत माझं नाव दोनदा कुणीतरी घेतलं आणि मग घ्यायचं थांबवलं. पंधरा वर्षांत ह्या कठड्यावर मी घागरीशिवाय बसलेच नव्हते. बसवतं, खरंच बसवतं माणसाला.

आठाच्या सुमारास आत आले, भाकरी तव्यावर टाकली आणि फोन चालू केला, तर खिळ्याला अडकवायच्या आत वाजला.

"कुठे होतीस?" ह्यांचा आवाज चिरकलेला. जुन्या बसमधला. "पाऊण तास लावतोय. आई बऱ्या आहेत ना?"

"बऱ्या आहेत."

"मग फोन का लागत नव्हता?"

"रेंज नव्हती."

"खिळ्यापाशी रेंज नव्हती?"

"मी खिळ्यापाशी नव्हते."

पलीकडे टीव्ही चालू होता, कुणीतरी हसत होतं. ह्यांनी खोलीबाहेर येऊन दार ओढून घेतलेलं मला ऐकू आलं. मग हळूच विचारलं, "कोण होतं तिथे तुझ्याबरोबर?"

मी तव्यावरची भाकरी उलटली.

"पुढच्या शिमग्यात गाऱ्हाणं घाला," म्हटलं, आणि फोन ठेवला.